जुने कागद आणि स्कॅनरची नजर

मराठवाड्यातील कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जुने कागद जपून ठेवलेले असतात. कुठे मोडी लिपीतील खरेदीखत, कुठे निजामी अमलातील उर्दू दस्तऐवज, तर कुठे आजी-आजोबांचा लग्नातला एकुलता एक फोटो. २०२३ साली निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशा कागदांचे मोल पुष्कळांच्या ध्यानात आले. पण हे कागद ठिसूळ होतात, घडीवर तुटतात. म्हणून घरी किंवा शाळेत एखादा स्वस्त स्कॅनर घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. तो निवडायचा कसा?

पैठण गेटच्या बाजारात काय किंवा अन्यत्र काय, विक्रेता प्रथम एक मोठा आकडा सांगतो: ४८०० डीपीआय! डीपीआय म्हणजे दर इंचातील ठिपके. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा ५ सेंमी चौरस फोटो संगणकात उतरवला, तो १७६ × १७६ ठिपक्यांचा होता. म्हणजे इंचाला जेमतेम ९०. आज ए-४ कागद ३०० डीपीआयने घेतला तर २४८० × ३५०८, सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर सुमारे २६ मेगाबाइट. डीपीआय दुप्पट केले की ठिपके चौपट! ४८०० डीपीआयला हाच कागद साडेसहा गिगाबाइटांहून अधिक जागा खाईल, आणि कागदावरच्या फोटोत तेवढा बारीक तपशील मुळात नसतोच. दस्तऐवजाला ३००, फोटोला ६०० पुरे. एवढे तर अगदी साधा स्कॅनरही देतो. तेव्हा त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, हे माझे स्पष्ट मत.

खरा फरक आहे तो आतल्या रचनेत. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस पद्धत असते. कागदाच्या रुंदीएवढी प्रकाशसंवेदकांची पट्टी काचेला जवळजवळ खेटून सरकते. तांबडे, हिरवे आणि निळे दिवे आळीपाळीने लागतात आणि सळईसारख्या बारीक भिंगांची रांग कागदाची मूळ आकाराचीच प्रतिमा संवेदकांवर पाडते. दुसऱ्या, सीसीडी पद्धतीत आरसे व एक भिंग यांच्या साह्याने कागदाची लहान प्रतिमा एका छोट्या चकतीवर पडते. हा स्कॅनर जाड, जड आणि महाग. पण काचेपासून थोडी वर असलेली वस्तूही त्याला स्पष्ट दिसते. सीआयएसची नजर मात्र काचेपलीकडे फार जात नाही. सपाट फोटोचे त्यामुळे काही बिघडत नाही, पण घडीपाशी उचललेला कागद किंवा शिवणीजवळ वर आलेले वहीचे पान अंधुक येते. नेमके अक्षर तिथेच असते!

ही नजर मोजता येते. १५ सेंमीची पट्टी काचेवर पालथी ठेवा. शून्याची खूण काचेला टेकवा आणि १५ च्या खुणेखाली पुठ्ठ्याचे तुकडे रचून ती १५ मिमी उचला. समरूप त्रिकोणांनुसार पट्टीवरील प्रत्येक सेंटिमीटरला उंची १ मिमीने वाढते. वर काळे कापड टाकून ३०० डीपीआयने स्कॅन करा. मिलिमीटरच्या रेघा ज्या आकड्यापाशी एकमेकींत मिसळतात, तेवढे मिलिमीटर तुमच्या स्कॅनरची खोली. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन-तीन स्कॅनरांची अशी तुलना छान होईल.

शाळेत 'तीन कामांचा' प्रिंटर असेल, तर आधी त्याचीच काच तपासा. नवे यंत्र कदाचित लागणारच नाही. मात्र कागद आपोआप ओढून घेणाऱ्या रुळांत जुना दस्तऐवज कधीही घालू नका. घडी हलक्या हाताने उलगडा, काचेवर ठेवा आणि वरून जाड कोरा कागद ठेवून झाकण अलगद टेकवा. इस्त्री फिरवू नका, प्लास्टिकमध्येही चिकटवू नका.