आठवीनंतर मुलांच्या ताटाकडे कोण पाहणार?

संध्याकाळी खोपटच्या एस.टी. स्टँडच्या परिसरात थोडा वेळ उभे राहून पाहावे. क्लासला निघालेली आपली मुले-मुली वडापावच्या गाडीभोवती जमलेली असतात. कुणाच्या हातात चिप्सचे पाकीट, तर कुणाच्या हातात रंगीत थंड पेय. सकाळी घरातून निघताना यातील अनेकांनी चहा-चपातीच खाल्लेली असते. आई कामावर, वडील ड्युटीवर. दुपारी पोरे काय जेवली, हे विचारायला घरात कोणी नसते. आम्ही या मुलांना दोष देत नाही. थोड्या पैशांत पोट भरते, हे खरेच आहे. पण पोट भरणे वेगळे आणि शरीराचे पोषण होणे वेगळे.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. मूल नववीत गेले की शाळेतली खिचडी बंद होते. नेमके याच वयात हाडे झपाट्याने वाढतात, मुलींची पाळी सुरू झालेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलाला रोज 22 मिलिग्रॅम, तर मुलीला 30 मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे मुलीची गरज जास्त. आणि स्थिती काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींपैकी 59 मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण 31 होते.

मुलगी पुस्तक घेऊन बसली की डुलक्या देते, जिना चढताना धापा टाकते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. भगिनींनो, रागावण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो आळस नव्हे, आजार आहे.

यासाठी महागड्या टॉनिकच्या बाटल्याच हव्यात असे नाही. तांदळात लोह फारच थोडे. शंभर ग्रॅम बाजरीत मात्र सुमारे 6 मिलिग्रॅम असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मोड आलेली मटकी, पालेभाजी, शेंगदाणे हे सारे बाजारात मिळते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत पेरू, आवळा खाल्ला तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह शोषू देत नाही. म्हणून चहा जेवणाच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर घ्यावा.

सुकट, बोंबील, कलेजी हे तर आपल्या घरांतले जुने अन्न. ब-12 जीवनसत्त्व मांस, मासळी, अंडी आणि दूध यांतूनच मिळते. मराठवाड्यातील आपल्या मागच्या पिढ्यांच्या ताटाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात केली आहे. पण आज आमची मुले वास येईल म्हणून सुकटीचा डबा शाळेत न्यायला लाजतात आणि पाकिटातला खाऊ अभिमानाने फोडतात. ही लाज मुलांना कुणी शिकवली, याचा विचार आपण करायला हवा.

सरकारी व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मोफत देण्याची योजना आहे. ती उपाशीपोटी घेऊ नये; जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले तरी घाबरू नये. अनेक मुले ही गोळी खिडकीतून फेकून देतात. ती का घ्यायची, हे आपण घरी समजावून सांगावे. जंताची गोळीही चुकवू नये, कारण पोटातले जंत रक्त कमी करतात.

शेवटी एक गोष्ट घरातली. मटणाचे फोडी आधी मुलाच्या ताटात आणि मुलीला नुसता रस्सा, हे आजही अनेक घरांत चालते. समतेच्या गोष्टी आपण सभेत ऐकतो, सांगतो. ज्या लेकीला लोह जास्त लागते, तिच्या ताटात फोडी कमी पडत असतील तर ती समता कसली? आज रात्री वाढताना एवढेच पाहू या.