चुंबकीय परिवलन-तरंग आणि पुंज-माहिती

निफाडच्या शिवारात वारा सुटला म्हणजे गव्हाच्या पिकावरून लाट जाताना दिसते. ओंब्या जागच्या जागीच डोलतात. पुढे जातो तो केवळ डोल. लोहचुंबकीय पदार्थांतही असेच घडते. इलेक्ट्रॉनाचे परिवलन, अर्थात स्पिन, शेजारच्या परिवलनांशी निगडित असते; एक कलले की दुसरे कलते, आणि त्या कलण्याचा तरंग पुढे सरकतो. ही कल्पना फेलिक्स ब्लॉख ह्यांनी १९३० साली मांडली. ह्या तरंगाच्या ऊर्जेच्या एका पुंजास मॅग्नॉन म्हणतात.

पुंज-संगणकास त्याचा उपयोग कोणता? पुंज-माहितीचे एकक जो क्युबिट, तो अतिसंवाहक मंडलाचा असल्यास सुमारे ०.०१ केल्विन तापमानात ठेवावा लागतो. त्याचे संदेश सूक्ष्मतरंगांचे असतात, आणि शीतकाबाहेर येताच ते सभोवतालच्या उष्णतेच्या गलबल्यात बुडून जातात. काचतंतूंतून दूरवर सुरक्षित जातो तो प्रकाश. मॅग्नॉनाचा संबंध सूक्ष्मतरंगांशीही जुळतो आणि प्रकाशाशीही. म्हणून त्याच्याकडून दुभाष्याच्या कार्याची अपेक्षा केली जाते.

२०१५ साली टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी यट्रियम-लोह-गार्नेटच्या सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या गोळीतील मॅग्नॉन आणि अतिसंवाहक क्युबिट ह्यांची सांगड घातली. २०२० साली क्युबिटच्या साहाय्याने एकेकटा मॅग्नॉन ओळखणेही साध्य झाले. परंतु २०१६ च्या एका प्रयोगात सूक्ष्मतरंगांचे प्रकाशात रूपांतर झाले ते दहा अब्जांत एक एवढ्याच प्रमाणात. साधा संदेश क्षीण झाल्यास वाटेत वर्धित करता येतो. अज्ञात पुंज-अवस्थेची तंतोतंत नक्कल मात्र निसर्गनियमानेच अशक्य आहे. जे हरवले ते हरवलेच.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नव्हे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची संरक्षण-संशोधन प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्यांनी २०२४ मध्ये सहा अतिसंवाहक क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. असे यंत्र पुढे दुसऱ्या नगरातील यंत्राशी जोडावयाचे, तर विश्वासू दुभाषी हवाच.

मॅग्नॉनाचे आयुष्य बहुधा मायक्रोसेकंदाहून अल्प असते. स्फटिकातील अशुद्धी आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा ते आणखी घटवितात. तेव्हा हे कार्य एकट्या भौतिकीचे नव्हे. शुद्ध स्फटिक वाढविणाऱ्या रसायनज्ञाचा आणि तो घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराचा वाटाही त्यात तितकाच मोठा आहे.