निजामी बीड आणि शेजारचा इंग्रजी मुलूख

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्याला लागूनच ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर जिल्हा होता, त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्याच्या तुलनेसाठी येथे सातासमुद्रापलीकडे पाहण्याची गरज नव्हती. संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकाने परवानगीवाचून सभा भरवण्यास मनाई होती, आणि १९३८ मध्ये तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याआधीच, बंदी आली. अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ याच काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. सीमेपलीकडे त्या वेळी निवडून आलेले मंत्रिमंडळ होते खरे, तथापि १९०८ मध्ये टिळकांना ज्याखाली शिक्षा झाली ते राजद्रोहाचे कलम तेथेही कायम होते, म्हणजे फरक फार तर मोकळिकीच्या मात्रेचा होता.