जुन्या गाडीची वायरिंग : दुसऱ्याची उधारी आपल्या खात्यावर

लोहारा (जि. यवतमाळ) : आमच्यासारख्या लहान कापड व्यापाऱ्याला नवी गाडी परवडत नाही, आणि गाडीशिवाय धंदाही चालत नाही. लोहाऱ्याहून माल भरायचा, दारव्हा, दिग्रस, आर्णीचा बाजार करायचा आणि रात्री परत यायचे, हा आमचा क्रम. त्यामुळे जुनी गाडी घेणे आलेच. घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, पत्र्याला गंज आहे का ते बोटाने ठोकून बघतो. कागदपत्रे तपासतो. पण डॅशबोर्डखाली वाकून वायरी कोणी पाहत नाही. मीही पाहिल्या नव्हत्या. ही चूक मला किती महाग पडली असती, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

2021 साली मी 2010 सालची मारुती ओम्नी कार्गो घेतली. ओम्नीचे उत्पादन 2019 साली बंद झाले, तरी आमच्या भागात ती अजून भरपूर चालते. पुढच्या सीटखाली इंजिन आणि मागे सगळी जागा मालाला, म्हणून कापडवाल्याला ती सोयीची. आधीच्या मालकाला गाडी सजवायचा शौक होता. मोठा टेप, अँप्लिफायर, दोन फॉग लाइट, प्रेशर हॉर्न, मागे पंखा आणि दिव्यांत मोठे बल्ब. मला वाटले, एवढे सामान फुकटात मिळाले. प्रत्यक्षात ती दुसऱ्याची उधारी होती आणि गाडीबरोबर ती माझ्या खात्यावर चढली होती.

पहिल्याच आठवड्यात लक्षणे दिसू लागली. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल मारला तरी इंजिन उचलत नसे. दिवे मोठे असूनही उजेड पिवळा पडे. बॅटरी कमजोर असेल म्हणून मी नवी टाकली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

लग्नसराईचे दिवस होते. एका रात्री भाचा आणि मी दिग्रसहून परत येत होतो. मागे साड्यांचे गठ्ठे वरपर्यंत भरलेले. वाटेत प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि एकदम दोन्ही दिवे गेले. स्टेअरिंगखालून धूर निघत होता. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले. भाच्याने दहा नंबरचा पाना काढून बॅटरीची मायनस वायर सोडवली, तेव्हा धूर थांबला. थोडा उशीर झाला असता तर गाडी गेली असती, माल गेला असता, आणि आमच्या जिवाचे काय झाले असते ते अल्लाह जाणे.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या वायरमन उस्तादांना घरी बोलावले. गाडीतल्या विजेत त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांनी डॅश उघडला, जळालेला स्विच माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, दिवा मोठा लावला, पण वाट लहानच ठेवली."

याचा हिशेब साधा आहे. कंपनीचा बल्ब 60 वॉटचा असतो. 12 व्होल्टवर तो 5 अँपिअर करंट घेतो, म्हणजे दोन दिव्यांचे 10 अँपिअर. आमच्या गाडीत 100 वॉटचे बल्ब होते. त्यांचे झाले सुमारे 17 अँपिअर. वायर आणि स्विच मात्र जुनेच. करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आत वाढला, तरी स्विचमधली उष्णता जवळपास पावणेतीन पट झाली. शिवाय बारीक वायरीतच व्होल्टेज खर्च होते, म्हणून बल्ब मोठा असूनही उजेड कमी. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

माझे म्हणणे होते की स्विच बदलून काम संपवावे. उस्ताद म्हणाले, "एक दोष सापडला म्हणून थांबू नका. असे काम करणाऱ्याने एकच जागा बिघडवलेली नसते." ते खरे निघाले. त्यांनी ज्या क्रमाने तपासणी केली, तो क्रम येथे देत आहे.

1) आधी नोंद, मग कात्री. बॅटरीची मायनस वायर सोडवून गाडीत बाहेरून काय काय जोडले आहे याची यादी करावी. प्रत्येक वायर कोठून निघते, कोठे जाते, ते कागदावर काढावे. फालतू दिसते म्हणून कोणतीही वायर लगेच तोडू नये. पुष्कळदा कंपनीची वायर कापून तिच्यातूनच जोड घेतलेला असतो.

2) अर्थिंग. गाडीचा पत्रा हीच परतीची वायर असते. इंजिन, बॉडी आणि बॅटरीची मायनस यांचे जोड गंजले असतील, तर कितीही सामान बदला, दोष जात नाही. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावावे. सेल मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ खराब समजावा. आमच्या गाडीत सव्वा व्होल्ट आला. जोड सोडून, घासून, पुन्हा घट्ट बसवल्यावर सेल मारण्याचा आवाजच बदलला.

3) बॅटरी कोण पिते? विश्रांती घेतलेली पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. हे आकडे बरोबर असतील तर बॅटरीला आणि चार्जिंगला दोष देऊ नये. मग सर्व बंद करून मायनस वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरवर जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल मात्र मारू नये, मीटर जळेल. बंद गाडीत आकडा 0.05 अँपिअरच्या आत हवा. आमचा अर्धा अँपिअर आला. 35 अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने 70 तासांत रिकामी होते, आणि सेल मारण्याइतकी ताकद त्याच्या पुष्कळ आधी संपते. एकेक फ्यूज काढत गेलो. अँप्लिफायरची वायर सोडवताच आकडा 0.03 वर आला. चावी बंद केली तरी तो चालूच राहील अशा रीतीने थेट बॅटरीवर जोडला होता. मी नवी बॅटरी विनाकारण घेतली होती.

4) फ्यूज. फॉग लाइटच्या होल्डरमध्ये फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला निघाला. फ्यूज उडतो तो रागाने नव्हे, तो आपल्याला खबर देत असतो. खबर देणाऱ्याचेच तोंड बंद केले तर आग लागेपर्यंत कळणार नाही. येथे उस्तादांनी एक सोपी युक्ती केली. कागद काढून त्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडला आणि फॉग लाइटची जोडणी दिव्यापाशी सोडून ठेवली. तरीही बल्ब पूर्ण पेटला, म्हणजे वायर कोठेतरी पत्र्याला लागते आहे. बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, म्हणून निर्धास्त शोधता येते. वायर हलवत गेलो. पत्र्याच्या भोकाशी हलवताच बल्ब विझला. भोकात रबरी बूच नव्हते आणि पत्र्याच्या धारेने वायरीचे कव्हर कापले होते.

पातीच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवावेत : लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअर. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे असतो. उडाला म्हणून मोठा टाकू नये.

5) जोड. आधीच्या मालकाने घरातल्या फिटिंगची वायर वापरून नुसता पीळ दिला होता आणि टेप गुंडाळली होती. जाड तारांची वायर गाडीच्या थरथरीने तुटते. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंश. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, त्यात इंजिन सीटखाली. टेपचा गोंद वितळून जोड उघडे पडतात. आम्ही गाडीसाठीची बारीक तारांची वायर घेतली, थिंबल दाबून जोड केले आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली.

शेवटी 60/55 वॉटचे बल्ब परत आले आणि दोन रिले बसवले. रिलेमुळे स्विचमधून अगदी थोडा करंट जातो आणि दिव्यांचा मोठा करंट बॅटरीकडून फ्यूज लावलेल्या जाड वायरीने थेट पोहोचतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोणी राखणदार नसतो. लहान बल्बांनी आता पूर्वीपेक्षा जास्त उजेड पडतो. रिले, होल्डर, वायर आणि थिंबल मिळून खर्च हजार रुपयांच्या आत आला, मजुरी वेगळी. नव्या बॅटरीला मी याहून कितीतरी जास्त मोजले होते.

दोन इशारे. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये, तेथे मीटरच वापरावा. आणि गॅस किटच्या वायरींना हात घालू नये, ते अधिकृत बसवणाऱ्याचे काम.

व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपली जळालेली गाडी भरून मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी त्यात गाडीतला माल येत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. पासिंगला दिवे लागतात की नाही ते दिसते, डॅशखालचा पीळ दिसत नाही. तो आपणच पाहायचा.

थानात ऐब असेल तर तो उलगडून ग्राहकाला दाखवायचा आणि मग भाव करायचा, हा आमच्या वडिलांचा रिवाज. उस्तादांनी काढलेला वायरींचा नकाशा मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. उद्या गाडी विकली तर तो कागदही नव्या मालकाच्या हाती देईन. त्याला माझी उधारी फेडावी लागू नये.