आधी पाच वर्षे उमेदवारी

नेतृत्व शिकवणाऱ्या शिबिरांत शिस्त म्हटली की पहाटे उठणं, व्यायाम आणि दिवसाचं वेळापत्रक यांवरच भर असतो. या सवयी चांगल्याच आहेत. पण माणूस पुढारी म्हणून वाढतो कसा, हे त्यांतून कळत नाही. पुण्यात बीएमसीसी रस्त्यावर भारत सेवक समाजाचं आवार आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी ही संस्था काढली ती सार्वजनिक कामासाठी माणसं घडवायला. ती कशी घडवायची हे ते स्वतः घडताना शिकले होते, म्हणून त्यांच्याच आयुष्यावरून काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : नेतृत्व उपजत असतं.

वर्गातलं गणित दुसऱ्याच्या मदतीने सुटलं म्हणून बक्षीस नाकारणारा लहानगा गोपाळ, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यामुळे गोखले जन्मतःच थोर होते असं वाटू लागतं. प्रत्यक्षात पुण्यात शिक्षक म्हणून आलेल्या या विशीतल्या तरुणाला न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षं राबवून घेतलं. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे, सार्वजनिक सभेचं त्रैमासिक सांभाळायचं, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे. सरकार या अर्जांची दखल घेत नाही, अशी तक्रार गोखल्यांनी केली. तेव्हा रानड्यांनी समजावलं, की अर्ज नावाला सरकारसाठी असतात, खरे ते आपल्या लोकांना शिकवण्यासाठी असतात. पुढे केंद्रीय कायदेमंडळात गेल्यावरही गोखल्यांची ही अभ्यासाची सवय सुटली नाही. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. तिजोरीतली शिल्लक हे भरभराटीचं लक्षण नसून लोकांवर जास्त कर बसल्याचं लक्षण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यामागे गणेश व्यंकटेश जोशी या अर्थशास्त्र कोळून प्यायलेल्या शिक्षकाची मदत होती, आणि ती गोखल्यांनी पत्रं लिहून मागितली होती. कायदेमंडळाचा सभासद शाळामास्तरांकडे शिकायला जातो, ही मला त्यांच्या शिस्तीची सगळ्यात मोठी खूण वाटते.

गैरसमज : ज्याला बोलता येतं तो पुढारी होतो.

भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. त्यातली तीन पुण्यात अभ्यासाची आणि दोन देशभर फिरण्याची. या काळात परवानगीशिवाय जाहीर भाषण करायचं नाही आणि वर्तमानपत्रात लिहायचं नाही. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी हाच सल्ला दिला. वर्षभर देश पाहा, राजकारणावर बोलू नका. आफ्रिकेत लढे देऊन आलेल्या माणसाने तो मानला.

गैरसमज : चूक कबूल केली की पुढारीपण संपतं.

१८९७ साली गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता, घरझडतीला सोल्जर येत होते आणि लोक संतापले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला सांगितलं, की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. ते परतले तेव्हा पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा द्यायला पुढे येईना. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत, सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. माफीचा सूर गरजेपेक्षा जास्त वाकलेला होता, असं माझंही मत आहे, कारण लोकांचे हाल काही खोटे नव्हते. पण पुढे त्यांनी काय केलं ते पाहायला हवं. ते रुसून घरी बसले नाहीत, प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर गेले आणि १९०५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी नव्या संस्थेच्या सात प्रतिज्ञांत त्यांनी एक घातली, की कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. शिव्याशाप झेललेल्या माणसाने ती घातली, म्हणून तिला वजन आहे.

गैरसमज : कडक शिस्तीत एकाच साच्याची माणसं तयार होतात.

या संस्थेतले ना. म. जोशी गिरणगावात कामगारांत रमले आणि १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे होते. गो. कृ. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्यात सेवासदन उभं केलं. ठक्करबाप्पांनी भिल्लांमध्ये काम केलं, तर श्रीनिवास शास्त्री संसदीय राजकारणात चमकले. पण सातांपैकी ही प्रतिज्ञा सगळ्यांनीच घेतली होती, की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, संस्था देईल त्यात भागवू. ही अट जबर होती. पाच वर्षांची उमेदवारीही सोसणारे थोडेच होते, त्यामुळे सभासद कायम मोजकेच राहिले. गांधीजींनीही संस्थेत येण्यासाठी अर्ज केला होता, पण त्यांच्या प्रवेशावर सभासदांत मतभेद झाले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, आणि त्यानंतर गांधीजींनी स्वतःहून अर्ज मागे घेतला. अध्यक्षपद शास्त्रींकडे आलं. १९०७ साली ते संस्थेत शिरले होते ते इतरांसारखेच, उमेदवार म्हणून.