सहाशे घागरींची एक घागर

आमच्या स्वयंपाकघरात नळाचा गॅस आला त्या दिवशी सौभाग्यवतींनी शेगडीला हळदकुंकू वाहिले आणि मला विचारले, "अहो, हा येतो तरी कुठून?" वर्गात असा प्रश्न आला असता तर 'पुढच्या तासाला पाहू' म्हणून वेळ मारून नेली असती. घरी ती सोय नाही!

शोधाअंती कळले ते असे. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी काही मुंबई हायसारख्या आपल्याच विहिरींतला. पण जवळजवळ निम्मा परदेशातून, बोटीने येतो. त्यासाठी वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. मग तो पाण्यासारखा पातळ होतो आणि सहाशे घागरींचा ऐवज एका घागरीत मावतो. बंदरात उतरल्यावर समुद्राच्या पाण्याची किंवा हवेची ऊबही त्याला पुन्हा वायू करायला पुरते.

गुजरातेत दहेजला हे काम २००४ साली कतारच्या वायूवर सुरू झाले. युरियाच्या कारखान्यांना वायू कच्चा माल म्हणून लागतो. तेव्हा पोळीखालच्या आचेइतकेच पोळीतल्या गव्हाशीही त्याचे नाते आहे. विजेचे मात्र वेगळे. कोळशाची वीज स्वस्त पडते, म्हणून वायूवरची कित्येक वीजकेंद्रे बराच काळ नुसती उभी असतात.

माझे आजोळ गुहागरकडचे. दाभोळच्या प्रकल्पावरून १९९०नंतर तिकडे उठलेले वादळ वाचकांना आठवत असेलच. वीज १९९९ साली निघाली आणि २००१ साली भावाच्या तंट्यात थांबली. वायूच्या बोटींचा धक्का सुरू व्हायला २०१३ साल उजाडले, तोही पावसाळा वगळून, कारण लाटा अडवणारा बांध पुरा झालेला नव्हता. पुढे कित्येक वर्षे हेच चालले. मामा म्हणायचे, "वायू आणलात रे, पण वाऱ्याची सोय विसरलात!"

२०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि युरोपने मिळेल त्या भावाने बोटी उचलल्या. त्या जुलैत पाकिस्तानने दहा बोटींसाठी निविदा मागवल्या, तर एकही विकणारा पुढे आला नाही. आपल्यालाही झळ लागली, पण कतारशी जुना करार होता. वर्षाला ७५ लाख टनांचा तो करार फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण २०४८ सालापर्यंत वाढवून घेतला आहे.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग माळ्यावरचा स्टोव्ह इतक्यात मोडीत देऊ नका."

तो अजून माळ्यावरच आहे.