वीज गेली त्या सोमवारी

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मालाडकरांच्या आठवणीत असेल. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या इमारतीतले पंखे एकदम थांबले. वीज जाणे ही कल्याण-बदलापूरकडच्या मंडळींची रोजची रड. आम्हा पश्चिम उपनगरवाल्यांची त्या बाबतीत मिजास अशी की, दिवे गेले तर लोक आधी गॅलरीत येऊन समोरच्या इमारतीत आहेत का ते बघतात. त्या दिवशी समोर नव्हते. गोरेगावला मेहुण्याकडे नव्हते, ठाण्याला बहिणीकडे नव्हते, नवी मुंबईतही नव्हते. लोकल गाड्या त्या वेळी फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होत्या, त्याही जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

आमच्या पाचव्या मजल्यावरचे काका करोनातून नुकतेच उठले होते आणि घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. यंत्राने दोन-तीनदा कुईं-कुईं केले आणि ते गप्प झाले. लिफ्ट बंद. ओळखीच्या एका दवाखान्यातून सिलिंडर मिळाला, तो बी विंगमधल्या तीन मुलांनी तोंडाला मास्क लावून जिन्याने पाच मजले चढवला. मधली पंचवीस-तीस मिनिटे काकूंनी काकांना पुठ्ठ्याने वारा घातला. काका वाचले, आजही आहेत, आणि महापालिकेवर पूर्वीइतकेच चिडतात. पण त्या पंचवीस मिनिटांचा विचार मी अजूनही करतो. कारण पुढे साडेचार महिन्यांनी अशी बातमी आली, की ती वीज कदाचित कोणीतरी घालवली होती.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेतील ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. चीनशी धागेदोरे असलेल्या एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातील दहा संस्थांच्या संगणकजाळ्यांत शिरकाव केला आहे, असे त्यात म्हटले होते. या गटाला त्यांनी ‘रेडएको’ हे नाव दिले. देशातील पाच विभागीय भार प्रेषण केंद्रांपैकी चार त्यांच्या यादीत होती. शिवाय मुंबई आणि तुतिकोरिन ही दोन बंदरे. भार प्रेषण केंद्र म्हणजे विजेच्या वाहतुकीचा नियंत्रण कक्ष. कुठे किती वीज तयार होते आहे, कुठे किती लागते आहे, याचा तोल तिथे क्षणाक्षणाला सांभाळला जातो. यादीतील चारांपैकी एक पश्चिम विभागाचे केंद्र होते, आणि ते आमच्या घरापासून फार दूर नाही. अंधेरी पूर्वेला मरोळच्या एमआयडीसीत आहे. मी त्या रस्त्याने अनेक वर्षे ये-जा केली, पण आत काय चालते हे विचारावेसे कधी वाटले नाही.

दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला दिला. वीज मंडळाच्या संगणकांत चौदा ‘ट्रोजन हॉर्स’ घातले गेले असावेत, आठ जीबी इतकी बिनहिशेबी माहिती बाहेरून आत आली असावी, असे त्यांनी सांगितले. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की, शिरकावाचे प्रयत्न झाले हे खरे, पण मुंबईचा अंधार ही मानवी चूक होती. वाचकहो, आता यातले खरे काय मानायचे?

माझे मत विचाराल तर मी मानवी चुकीच्या बाजूला झुकेन. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या कळवा-पडघा पट्ट्यातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी आधीच बंद होती. दुसरी सुटली, राहिलेल्यांवर भार आला आणि एकामागून एक सगळ्याच सुटत गेल्या. अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवायची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. तिने त्या दिवशी दगा दिला. एवढे पुरेसे आहे. खुद्द रेकॉर्डेड फ्यूचरनेही आपल्या अहवालात मुंबईच्या अंधाराशी या गटाचा संबंध सिद्ध झाला नसल्याचे म्हटले होते. ढिसाळ देखभालीचे खापर शत्रूच्या डोक्यावर फुटले की सगळ्यांचीच सोय होते, हा धोका लक्षात ठेवला पाहिजे.

पण म्हणून सुस्कारा टाकावा, असेही नाही. वीज त्यांनी घालवली नसेल; ते आत शिरले होते हे मात्र दिल्लीनेही नाकारले नाही. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, आणि त्याच वर्षात आपल्या वीजकेंद्रांच्या संगणकांकडे ही वर्दळ वाढली. तिथे चोरण्यासारखे काय होते? माहिती विकून पैसा मिळावा असे काही नाही. दाराच्या किल्लीचा साबणावर ठसा घेऊन ठेवावा, तसा हा प्रकार होता. ठसा आज घ्यायचा, किल्ली गरज पडेल त्या दिवशी करायची.

हेरगिरी आपल्याला नवी नाही. सुरतेवर स्वारी करण्याआधी महाराजांना तिथली खडान्‌खडा माहिती आणून देणाऱ्या बहिर्जी नाईकांची गोष्ट आपण शाळेत ऐकली. कौटिल्याने तर हेरांची प्रतवारीच लावून ठेवली आहे: तापसाच्या वेषातला, व्यापाऱ्याच्या वेषातला, विद्यार्थ्याच्या वेषातला. त्यात एक ‘गृहपतिक’ही आहे, म्हणजे साध्यासुध्या गृहस्थाच्या रूपात वावरणारा. हा गृहपतिक लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

संगणकावरच्या हेरांनीही वेष बदलत नेले. १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटची तफावत सापडली. बारा आणे म्हणून दुसऱ्या कोणी सोडून दिले असते; हा गृहस्थ महिनोन्‌महिने मागावर राहिला आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसून अमेरिकेच्या लष्करी संगणकांतली माहिती रशियाच्या केजीबीला विकणाऱ्या पोरांपर्यंत पोचला. तो जमाना एकेकट्या घरफोड्यांचा होता. २००९ साली कॅनडातील संशोधकांनी ‘घोस्टनेट’ उघडकीला आणले, तेव्हा १०३ देशांतले १२९५ संगणक एकाच जाळ्यात अडकलेले निघाले. त्याची सुरुवात धरमशाळेत, दलाई लामांच्या कार्यालयातील संगणकांच्या तपासणीतून झाली होती. युक्ती साधी होती: ओळखीच्या माणसाच्या नावाने पत्र आणि सोबत एक जोडपत्र. ते उघडले की संपले.

ही युक्ती अजून मेलेली नाही, फक्त तिने कपडे बदलले. पाकिस्तानशी संबंध जोडला जाणारा ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ हा गट आधी वर्डच्या फायली पाठवी. पुढे आपल्या सरकारी नोकरांच्या ईमेलला दुहेरी कुलूप लावण्यासाठी ‘कवच’ नावाचे ॲप आले, तर या मंडळींनी खोटे ‘कवच’च तयार केले. सरकारी कचेऱ्यांत ‘बॉस’ ही आपली स्वदेशी लिनक्स प्रणाली आली, तर तिच्यावर चालणारे सापळे बनवले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली आणि काही दिवसांतच त्या घटनेचे नाव लावलेल्या पीडीएफ फायली फिरू लागल्या. पुण्याच्या ‘सेक्राइट’ या कंपनीने त्या पकडल्या. आपल्या दुःखाचाच त्यांनी लिफाफा केला होता.

दुसरी तऱ्हा याहून बेरकी. पूर्वी मालाड-गोरेगावात तबेले होते तेव्हा भय्या दारी दूध घालताना पाणी मिसळतो की काय, यावर बायकांचे लक्ष असे. पण पाणी तबेल्यातच मिसळले गेले तर? २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालेल्या ‘सोलरविंड्स’ प्रकरणात नेमके हेच झाले होते. अमेरिकेतील या कंपनीच्या सॉफ्टवेअरची अधिकृत, शिक्का मारलेली सुधारित आवृत्तीच रशियन हेरांनी आधी नासवून ठेवली होती आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांनी ती विश्वासाने घेतली. रेडएकोने वापरलेले ‘शॅडोपॅड’ हे हत्यारही २०१७ साली पहिल्यांदा असेच, एका कंपनीच्या अस्सल सॉफ्टवेअरच्या पोटात सापडले होते.

तिसरी तऱ्हा पैशाची. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावे अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी नोटा निघाल्या. सव्वादोन तासांचा खेळ. कोल्हापूर-मुंबईतूनही काही रक्कम गेली. सोमवारी आणखी जवळपास चौदा कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. एटीएममधून प्रत्यक्ष नोटा काढणारी आपल्याकडची माणसे पकडली गेली, अकरा जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षाही दिली. पण ती झाली हमाल मंडळी. सारस्वत, कॉसमॉस, जनता सहकारी ही आपल्या मध्यमवर्गाची घरची बँक. तिथल्या पैशातून परदेशी हुकूमशहाची तिजोरी भरावी, ही कल्पना कोणत्या रहस्यकथाकाराला सुचली असती?

२०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या बाबतीत असेच घडले. आधी इन्कार झाला. मग ३० ऑक्टोबरला, ज्यांचे मुख्यालय आपल्या अणुशक्तीनगरात आहे त्या अणुऊर्जा महामंडळाने, कार्यालयीन जाळ्यातल्या एका संगणकात हानिकारक सॉफ्टवेअर सापडल्याची कबुली दिली. अणुभट्टीचे नियंत्रण त्या जाळ्याला जोडलेले नव्हते म्हणून निभावले. पण चोवीस तासांत ‘नाही’चे ‘होय’ झाले, ते लोकांच्या मनात राहिले. ज्या सरकारला खरे सांगण्याची सवय नसते, त्याचे खोट्या अफवांच्या दिवशी कोणी ऐकत नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात मुंबईचा विमानतळ ‘हॅक’ झाल्याची आवई उठली होती, तीही अशीच. महाराष्ट्र सायबरने नंतर सांगितले की, त्या काळात पंधरा लाखांवर हल्ले झाले, त्यातले यशस्वी झाले दीडशे.

आणखी एक उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चोरून नेण्यापेक्षा नकळत आणून ठेवणे ही वेगळीच कला आहे. एल्गार परिषद प्रकरणातील काही आरोपींच्या संगणकांत बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली होती, असा निष्कर्ष अमेरिकेतील ‘आर्सेनल’ या संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. प्रकरण न्यायालयात आहे. निकाल काय लागायचा तो लागो, पण संगणकातला कागद हा आपोआप पुरावा ठरतो का, हा प्रश्न आता प्रत्येक घराचा आहे.

आणि आता तो गृहपतिक. एप्रिल २०२२ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचरचा दुसरा अहवाल आला. या वेळी लक्ष्य होते लडाखजवळची, उत्तर भारतातली सात भार प्रेषण केंद्रे. पण हल्ल्याचे हुकूम कोठून येत होते? इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांतून आणि त्यांचे चित्रण साठवणाऱ्या डबड्यांतून. हे कॅमेरे बहुतेक तैवान आणि दक्षिण कोरियातले, कुणाच्या दुकानातले, कुणाच्या जिन्यातले. मालकांना गंधवार्ता नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने जाहीर केले की, ‘व्होल्ट टायफून’ या चिनी गटाने घरगुती आणि छोट्या कचेऱ्यांतले शेकडो जुने राऊटर बळकावून त्यांच्या आडून वीज-पाण्याच्या यंत्रणांत पाय रोवले होते. हा गट आत गेल्यावर नवे हत्यार सहसा आणतच नाही. चोराने घरातलीच शिडी लावावी, घरातल्याच सुरीने कुलूप उचकटावे, तशी संगणकातलीच अवजारे वापरतो. राखणदाराला परके काही दिसतच नाही.

हे वाचून मी आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांकडे वळलो. एकूण अकरा कॅमेरे, २०१७ साली बसवलेले. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड आठ वर्षे तसाच होता, आणि तो काय होता हे सांगायची लाज वाटते. एक ते सहा आकडे ओळीने म्हणता येणाऱ्या कोणत्याही बालकाला तो आला असता. सर्वसाधारण सभेत मी विषय काढला. तेव्हा पार्किंग आणि गळती या दोन विषयांवर दीड तास गेला होता. माझ्या विषयाला तीन मिनिटे मिळाली. एक सभासद म्हणाले, ‘‘चीनला आपल्या जिन्यात काय बघायचंय?’’ सगळे हसले, मीही हसलो. पाचव्या मजल्यावरचे काका तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘त्यांना जिना बघायचा नाहीये रे, जिना वापरायचाय.’’

पासवर्ड बदलायचे ठरले. राऊटर जुना झाला होता, तोही बदलला. साडेतीन हजारांच्या त्या खर्चावर हिशेब तपासनिसांनी शेरा मारला, तो वेगळा विषय. नवा पासवर्ड चांगला लांबलचक आहे, अक्षरे-आकडे-चिन्हे सगळे त्यात आहे. लक्षात राहत नाही म्हणून सेक्रेटरींनी तो मोठ्या अक्षरांत छापून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवला आहे. काल भाजी घेऊन येताना मी तो फाटकाबाहेरून वाचला.